दीड हजेरी की दोन? सरकारी बांधकामावर सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा हिशेब कसा मांडायचा

डिसेंबर जवळ आला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. हिवाळी अधिवेशन तोंडावर असतं. रविभवन, नागभवन, आमदार निवास, सगळीकडे रंग, फरशी, नळ आणि रस्त्याचे पॅच एकाच वेळी सुरू होतात. त्या पंधरा-वीस दिवसांत साईटवर रविवार नावाचा वारच उरत नाही. मग पगाराच्या दिवशी मुकादमाभोवती घोळका जमतो आणि प्रश्न एकच असतो, "भाऊ, रविवार डबल धरला का?"

मी बरीच वर्षं साईटवर टाइमकीपर म्हणून मस्टर, म्हणजे हजेरीची वही, लिहिलं. या प्रश्नाला 'हो' म्हणून प्रत्यक्षात सिंगल देणारे पाहिले, आणि प्रामाणिकपणे डबल द्यायला बसूनही चुकीच्या आकड्याची दुप्पट करणारेही पाहिले. दुप्पट करणं अवघड नाही. कशाची दुप्पट करायची, तिथे गाडी अडते.

आधी हजेरीची भाषा

साईटवर ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, जादा वेळचं काम, तासांत लिहीत नाहीत, हजेरीत लिहितात. सकाळी आठला आलेला सेंट्रिंगवाला जेवणाची सुट्टी वगळून बारा तास राबला, तर वहीत त्याच्या नावापुढे 'दीड' पडतं. आठ तासांची एक हजेरी, वरच्या चार तासांची अर्धी. ऐकायला सरळ वाटतं, पण दुप्पट तिथेच गिळली जाते. चार तास म्हणजे अर्धी हजेरी हा सिंगल दराचा हिशेब झाला. दुप्पट दराने चार तासांची एक पूर्ण हजेरी होते, म्हणून बारा तासांच्या दोन हजेऱ्या. रविवारी आठ तास काम केलं तरी दोन, आणि रविवारी बारा तास केलं तर तीन.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं 'दीड' लिहीत होतो. कोणी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं, आधीच्या माणसाच्या वहीत तसंच होतं. म्हणून पहिली पायरी ही: हजेरीचा रकाना फक्त 'आला की नाही' यासाठी ठेवा आणि शेजारी तासांचा वेगळा रकाना पाडा. कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, मधली सुट्टी किती. एवढं कागदावर आलं की पुढचं गणित सातवीतला पोरगाही करेल.

काम कोणाचं आहे?

पायाभूत दर कोणता धरायचा हे कामाच्या मालकावरून ठरतं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वे, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग यांचं काम असेल तर केंद्र सरकारचे किमान वेतनाचे दर. राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग, महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद यांचं असेल तर महाराष्ट्र सरकारचे. ठेकेदार कुठला आणि मजूर बालाघाटचा की भंडाऱ्याचा, याने फरक पडत नाही. साईटच्या पाटीवर कामाचं नाव आणि विभाग लिहिलेला असतो, तो वाचा.

केंद्राचा महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, राज्याचा १ जानेवारी आणि १ जुलैला. केंद्राच्या यादीत नागपूर 'अ' क्षेत्रात येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या आदेशात बांधकामासाठी 'अ' क्षेत्राचे रोजचे दर असे होते: अकुशल ७८३ रुपये, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४, अतिकुशल १,०३५. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या कामाच्या तारखेला जो आदेश लागू असेल तोच धरायचा. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारचा ओटी जुन्या दराने आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा नव्या दराने निघतो. एकाच पगारपत्रकात दोन दर आले म्हणून गोंधळू नका.

ठेकेदार किमान दरापेक्षा जास्त देत असेल तर दुप्पट त्या प्रत्यक्ष दराची, किमान दराची नव्हे. हजार रुपये रोजाने ठेवलेल्या मिस्त्रीला रविवारी ९५४ च्या दुप्पट देणं ही फसवणूकच आहे.

आता कायद्याबद्दल, थोडक्यात. १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, दोन्हींत जादा कामाला आणि आठवडी सुट्टीच्या दिवशीच्या कामाला किमान दुप्पट दर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम १३ आणि १४ मध्येही दुप्पट कायम आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेत दिवसाचे आठ तास ठरले आहेत, आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही, आणि ओटीला कामगाराची संमती लागते. जुन्या नियमांतला जो भाग संहितेशी विसंगत नाही तो चालू राहतो, म्हणून खाली मी किमान वेतन कायद्याखालच्या १९५० च्या केंद्रीय नियमांचा आधार घेतला आहे. आठवडी सुट्टीचा हिशेब इतका फोड करून दुसरीकडे कुठे लिहिलेला मला सापडला नाही.

सुट्टी कोणती?

'सुट्टीच्या दिवशी काम केलं' हे वाक्य पगारपत्रकाला पुरत नाही. साईटवर किमान चार प्रकारच्या सुट्ट्या असतात आणि प्रत्येकीचा हिशेब निराळा.

आठवडी सुट्टी सगळ्यांत पक्की. ती साधारण रविवारी असते, पण ठेकेदार दुसरा वार ठरवू शकतो, मात्र तो आधी जाहीर करून. शनिवारी संध्याकाळी "या आठवड्यात सुट्टी मंगळवारी" असं सांगून रविवार सिंगलमध्ये उरकणं ही पळवाट झाली. आणि खाड्याचं काय? ठेकेदार म्हणतो, "गुरुवारी आला नाही, मग रविवार कसला?" केंद्रीय नियम २३ प्रमाणे त्याच मालकाकडे सलग सहा दिवस काम झालेलं असावं लागतं हे खरं, पण मालकाने दिलेली रजा, पगारी असो की बिनपगारी, त्या सहा दिवसांत धरली जाते. मजूर हजर होता पण वाळूच आली नाही म्हणून थोड्या पैशांवर परत पाठवला, तोही दिवस मोजला जातो. म्हणून रजा सांगून घ्यावी, आणि वहीत 'खाडा' नाही तर 'रजा' लिहून घ्यावी. एका शब्दाने रविवारचा वाद मिटतो.

दुसरी, सणाची किंवा राष्ट्रीय सुट्टी. इथे मजुरांचा सगळ्यांत मोठा गैरसमज असतो. कॅलेंडरवर लाल आकडा आहे म्हणून रोजंदारीवाल्याला आपोआप पगार किंवा डबल मिळत नाही. निविदेच्या अटी, नेमणूकपत्र किंवा युनियनशी झालेला करार यांत पगारी सुट्ट्या लिहिलेल्या असतील तर त्या मिळतात आणि त्या दिवशी काम केल्याचा दर तिथेच ठरलेला असतो. मारबतीच्या दिवशी किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीकडे अर्धी साईट रिकामी होते. ती रजा असते, सुट्टी नव्हे, आणि त्या दिवशी जे येतात त्यांना साधा दर मिळतो, पटो न पटो. ठेकेदाराच्या ऑफिसातल्या कारकुनांचं वेगळं आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार अशा आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी.

तिसरी, मतदानाचा दिवस. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदार असलेल्या रोजंदारी मजुरालाही पगारी सुट्टी आहे. 'काम नाही तर दाम नाही' हा नियम त्या दिवशी चालत नाही.

चौथी, साईट बंद. पाऊस, मशीन बिघडलं, बिल अडकलं. ही सुट्टीच नव्हे, पण पुढच्या रविवारी ती 'ॲडजस्ट' करायची खोड सगळीकडे आहे. "बुधवारी बसून होता ना, मग रविवारी तोच दिवस भरून काढ." असा अदलाबदलीचा हिशेब करता येत नाही. रविवारचं काम रविवारच्याच दराने.

सव्वीस की तीस?

रोजंदारीवाल्याचा तासाचा दर सोपा: रोज भागिले आठ. कुशल कामगाराचे ९५४ घेतले तर तासाला ११९.२५ आणि ओटीचा तास २३८.५० रुपये. रविवारी आठ तासांचे १,९०८. जुनी माणसं अजून नऊने भागतात, कारण जुन्या नियमांत दिवस नऊ तासांचा होता. काही महाभाग बाराने भागतात, कारण त्यांच्याकडे दिवसच बारा तासांचा असतो! भाजक मोठा झाला की ओटी स्वस्त होतो, एवढं ध्यानात ठेवा.

महिन्याच्या पगारावर असलेला मिक्सर ऑपरेटर, सुपरवायझर, वेल्डर यांचं खरं भांडण इथे आहे. समजा पगार २६,००० रुपये. २६ ने भागला तर रोज १,०००, तास १२५, ओटीचा तास २५०, आणि एका रविवारचे २,०००. तीसने भागला तर रोज ८६६.६७ आणि रविवारचे १,७३३.३३. एका रविवारी २६६ रुपये ६७ पैसे गेले, चार रविवारी हजाराच्या वर.

बरोबर कोणतं? किमान वेतनाचा महिन्याचा आकडा रोजाला २६ ने गुणून निघतो: ७८३ गुणिले २६ म्हणजे २०,३५८, आणि सरकारी आदेशातला मासिक आकडाही तोच आहे. म्हणजे सव्वीस कामाच्या दिवसांत चार रविवारांचा पगार आधीच मिसळलेला असतो. शिवाय वरचे ८६६.६७ हे कुशलच्या ९५४ च्याही खाली आहेत. केंद्राच्या कामावर कुशल माणसाचा रोज तीसच्या भागाकाराने काढला तर रविवारचा दर कायद्याच्या किमान १,९०८ च्याही खाली जातो. हा मुद्दा हिशेबनिसापुढे कागदावर मांडला की बहुतेक वेळा वाद तिथेच थांबतो.

पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन लहान दाखवणं हा दुसरा डाव. 'मूळ ४००, बाकी भत्ते ६००, आम्ही ओटी चारशेवर देतो.' वेतन संहितेच्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिसळावा लागतो. आणि काहीही झालं तरी किमान दराखाली जाता येत नाही. उक्त्या कामालाही, म्हणजे ब्रासवर किंवा फुटावर ठरलेल्या कामालाही, वेळेच्या किमान दराचा तळ असतोच.

एक आठवडा, ओळीने

राज्याच्या कामावरचा हेल्पर घेऊ. रोज ७२० रुपये (हा आकडा भागाकार सोपा जावा म्हणून घेतला), तास ९०, ओटीचा तास १८०. दर २६ च्या पद्धतीने ठरलेला, आठवडी सुट्टी रविवारी. मस्टर असं:

सोमवार ८ तास: ७२०
मंगळवार १० तास: ७२० अधिक २ × १८०, एकूण १,०८०
बुधवार ८ तास: ७२०
गुरुवार रजा, सांगून घेतलेली: ०
शुक्रवार १२ तास: ७२० अधिक ४ × १८०, एकूण १,४४०
शनिवार ८ तास: ७२०
रविवार ९ तास: ९ × १८०, म्हणजे १,६२०

बेरीज ६,३०० रुपये.

ठेकेदाराच्या वहीत हाच आठवडा कसा दिसतो? सहा हजेऱ्या, ४,३२०. वरचे सात तास सिंगलने, ६३०. एकूण ४,९५०. माणसाचे १,३५० रुपये गेले, आणि त्यातले ८१० एकट्या रविवारचे.

या आठवड्यात दोन फसव्या जागा आहेत. सोमवार ते शनिवार मिळून तास झाले ४६. "अठ्ठेचाळीस झालेच नाहीत, ओटी कुठून आला?" हे उत्तर मी शिकलेल्या इंजिनियरांकडूनही ऐकलं आहे. मर्यादा दोन आहेत, दिवसाची आणि आठवड्याची, आणि त्यातली कोणतीही ओलांडली की ओटी लागतो. मंगळवारचे दोन आणि शुक्रवारचे चार तास गुरुवारच्या रजेने धुऊन निघत नाहीत. मात्र उलटही खरं आहे: तोच तास एकदा दिवसाच्या आणि एकदा आठवड्याच्या हिशेबात असा दोनदा धरायचा नाही. आणि रविवारचा नववा तास चौपट होत नाही. रविवारचे सगळेच तास दुप्पट, त्याच्यावर मजला नाही.

बदली सुट्टी घेतली तर?

"रविवारी आलास, बुधवारी सुट्टी दिली, फिटंफाट." हे चूक आहे. बदली सुट्टी दिली तरी रविवारच्या कामाचा दर दुप्पटच राहतो. बदली सुट्टी शरीरासाठी आहे, दुप्पट दर खिशासाठी. प्रश्न फक्त इतका की बदली दिवसाचा पगार मिळतो का. नियम २३ प्रमाणे दर २६ च्या भागाकारातून आला असेल तर बदली दिवसाचा वेगळा पगार नाही. तसा आला नसेल तर आदल्या दिवसाच्या दराने मिळतो.

वरचाच ऑपरेटर पाहा, २६,००० वाला. एक रविवार काम केलं आणि बुधवारी बदली सुट्टी घेतली, तर २६,००० उणे १,००० अधिक २,०००, म्हणजे २७,०००. बदली सुट्टी घेतलीच नाही तर २८,०००, आणि ती एक सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत मालकाने द्यायची असते. पैसे दिले म्हणून ती बुडत नाही. आपल्या हेल्परचा गुरुवार ही रजा नसून बदली सुट्टी असती आणि त्याचा दर २६ चा नसता, तर त्याला आणखी ७२० मिळून आठवडा ७,०२० चा झाला असता.

स्लॅबची रात्र

स्लॅब शनिवारी रात्री आठला सुरू होतो आणि रविवारी पहाटे सहाला संपतो. मध्यरात्रीनंतरचे सहा तास रविवारचे धरायचे का? नाही. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बाराच्या नंतरचे तास आदल्या दिवसात जमा होतात, म्हणजे ते शनिवारचे, आणि आठच्या वरचे तेवढे ओटी. पण मग त्या माणसाची आठवडी सुट्टी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तासांची होते, रविवारी सकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा. त्याला रविवारी रात्री क्युरिंगला (स्लॅबवर पाणी मारायला) किंवा पंप बघायला बोलावलं तर ते सुट्टीतलं काम आहे. मस्टरवर तारीख बदलताना ही गोष्ट हमखास निसटते.

उन्हाळ्यात वेगळीच गंमत. नवतपात नागपूरच्या साईटवर पहाटे सहाला काम सुरू होतं, अकराला थांबतं आणि चारला पुन्हा लागतं. मधले पाच तास मजूर झाडाखाली झोपलेला असतो. ते तास कामात धरत नाहीत, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा पसारा बांधकाम कामगारांच्या नियमांत बारा तासांपर्यंतच बांधलेला होता. सहाला आलेल्याला रात्री आठपर्यंत अडकवून "तास तर नऊच झाले" म्हणणं त्यामुळे बसत नाही.

नाही दिलं तर

सरकारी कामावर एक सोय असते जी खासगी बंगल्याच्या कामावर नसते. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाला, म्हणजे विभागाला, ती द्यावी लागते आणि तो ती ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या बांधकामांवर मजुराच्या ९ रुपये २५ पैशांतून जमादार रुपया कापून घेत होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं ही वेठबिगारीच आहे, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत. म्हणून पहिला अर्ज मुकादमाला तोंडी, दुसरा लेखी अर्ज ठेकेदाराला आणि त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याला. रनिंग बिल निघायच्या आत प्रत पोहोचली तर अर्ध्या भांडणांचा निकाल तिथेच लागतो.

तेवढ्याने भागलं नाही तर राज्याच्या कामासाठी कामगार आयुक्तालय आणि केंद्राच्या कामासाठी मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांचं कार्यालय. दोन्हींची विभागीय कार्यालयं नागपुरात आहेत. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पूर्वी किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. भरपाई बुडालेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत होऊ शकते, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. काम सोडलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा व्हायला हवा. आठवड्याची खर्ची (पगारापोटी हातखर्चाला मिळणारे पैसे) आणि घेतलेली उचल तारखेसह लिहून ठेवा, कारण ओटी बहुतेक वेळा 'खर्चीत वळता केला' याच वाक्याखाली गाडला जातो.

अर्जासोबत पुरावा काय लावायचा? वेतनचिठ्ठी मिळाली तर उत्तम, पण ती मिळाली असती तर अर्जच करावा लागला नसता. मोबाईलमध्ये रोज गेटवर काढलेला फोटो चालतो, मुकादमाचे "उद्या या, रविवार आहे तरी" असे मेसेज चालतात. एका रस्त्याच्या कामावरच्या रेजाने (बाई मजुराने) झोपडीच्या पत्र्यावर कोळशाने रेघा मारल्या होत्या. रोजची आखूड, रविवारची लांब. आम्ही गेटची वही काढून जुळवायला बसलो. वहीत अकरा रविवार निघाले, तिच्या पत्र्यावर बारा होते. हिशेबनीस हसला. बारावा रविवार डिझेलच्या चलनावर सापडला, त्या दिवशी मिक्सरमध्ये चाळीस लिटर पडलं होतं.